परतीचा पाऊस ते थंडीची चाहूल, २०२३: गोदावरी खोरे आणि रत्नागिरी किनारा यांच्या हवामान पत्रकाच्या प्रकल्प नोंदी

२८ ऑगस्ट, सोमवार

कामाची आखणी. १५ सप्टेंबर ते ३० नोव्हेंबर या काळासाठी दोन पत्रके काढायची. एक नाशिक जिल्ह्यातल्या गोदावरी, कादवा आणि गिरणा खोऱ्यांतल्या द्राक्षबागांसाठी, दुसरे रत्नागिरी किनाऱ्यावरच्या नौकांसाठी. आकाश एकच असले तरी प्रश्न वेगळे. बागायतदार विचारतो, छाटणी कधी घेऊ आणि फुलोऱ्यात पाऊस सापडेल का. तांडेल, म्हणजे नौकेचा प्रमुख, विचारतो, चार दिवसांच्या फेरीवर गेलो तर तिसऱ्या दिवशी धावत परतावे लागेल का. दोघांना एकच नकाशा दिला तर कोणाचेच काम होत नाही.

काळाला नाव काय द्यायचे यावरही चर्चा झाली. हवामान विभाग ऑक्टोबर ते डिसेंबरला मान्सूनोत्तर हंगाम म्हणतो, पंचांग शरद म्हणते, बांधावर ‘परतीचा’ आणि ‘ऑक्टोबर हीट’ हे दोनच शब्द चालतात. पत्रकात इंग्रजी तारखेशेजारी नक्षत्र छापायचे ठरले: उत्तरा १३ सप्टेंबरच्या सुमारास, हस्त २७ सप्टेंबर, चित्रा १०-११ ऑक्टोबर, स्वाती २४ ऑक्टोबर. जुने बागायतदार पाऊस नक्षत्रानेच लक्षात ठेवतात. ‘त्या वर्षी हस्तात धुतला’ ही माहिती तारखेपेक्षा पटकन सापडते.

हवामान विभागाचा विस्तारित पल्ल्याचा चार आठवड्यांचा अंदाज दर गुरुवारी येतो. म्हणून आपले पत्रक शुक्रवारी सकाळी.

१ सप्टेंबर, शुक्रवार

ऑगस्टचा हिशेब लागला. देशाच्या पातळीवर १९०१पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट. पाऊस सरासरीपेक्षा सुमारे ३६ टक्के कमी. नाशिक पूर्व भागात विहिरी खाली, त्यामुळे बरेच जण परतीच्या पावसावर डोळे लावून बसलेले. इथेच पत्रकाची पहिली अडचण आहे. ज्या पावसाने विहीर भरते त्याच पावसाने डाऊनी, म्हणजे द्राक्षवेलीचा बुरशीरोग, येतो. ‘चांगला पाऊस’ हा शब्द पत्रकात कुठेही वापरायचा नाही, असे आजच लिहून ठेवले.

४ सप्टेंबर, सोमवार

जुन्या नोंदी लावायला घेतल्या. हवामान विभागाची पाव अंशाच्या जाळीवरची दैनंदिन पावसाची मालिका १९०१पासून मिळते. पाव अंश म्हणजे आपल्या अक्षांशावर साधारण २७ किलोमीटर. कोकणपट्टीत किंवा मराठवाड्यात तेवढे चालून जाते, नाशिकमध्ये नाही. इगतपुरीला वर्षाला ३००० मिमीच्या वर पाऊस आणि निफाड-सिन्नर पट्ट्यात त्याच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास. घाटमाथ्याला लागून असलेला एक चौकोन दोन्ही प्रदेश एकत्र कालवतो. त्यामुळे त्र्यंबक-इगतपुरीकडचे चौकोन गाळले, आणि दिंडोरी, निफाड, येवला, बागलाण इथल्या चौकोनांना त्या त्या महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकाशी ताडून पाहिले.

जाळीच्या माहितीचा आणखी एक दोष: सरासरी काढल्याने मोठा पाऊस लहान दिसतो आणि पावसाचे दिवस वाढतात. शेजारच्या दोन ठिकाणांपैकी एकावर ४० मिमी आणि दुसऱ्यावर शून्य पडला, तर चौकोन म्हणतो २० मिमी. परतीचा पाऊस तर नेमका असाच, ढगाखालच्या गावाला झोडपणारा आणि पलीकडच्या शिवाराला कोरडा ठेवणारा. म्हणून ‘किती मिमी’ जाळीवरून घ्यायचे नाही. ‘पाऊस आला की नाही’ एवढेच घ्यायचे.

६ सप्टेंबर, बुधवार

दिवसाचा घोळ सापडला. आपल्याकडे पाऊस सकाळी ८.३०ला मोजतात आणि मागच्या २४ तासांचा आकडा त्या दिवसाच्या नावावर जातो. ४ तारखेच्या संध्याकाळची सर ५ तारखेच्या रकान्यात दिसते. पुनर्विश्लेषणाची (जुनी निरीक्षणे मॉडेलात घालून काढलेली) जागतिक माहिती मात्र ग्रीनिच वेळेवर तासातासाला मांडलेली असते. ती मध्यरात्र ते मध्यरात्र बेरीज करून शेजारी ठेवली की दोन मालिका एक दिवसाने सरकतात आणि कोणतेही मॉडेल मूर्ख वाटू लागते. उपाय: आदल्या दिवशीच्या ग्रीनिच ०३ वाजल्यापासून आजच्या ०३ वाजेपर्यंत बेरीज करायची, ग्रीनिचचे ०३ म्हणजे आपले ८.३०. दुरुस्तीनंतर जुळणी एकदम सुधारली. परतीचा पाऊस बहुतेक दुपारनंतर ते रात्री पडतो, म्हणून ही चूक इथे फार महागात जाते. पहाटेच्या पावसात ती तितकी बोचली नसती.

११ सप्टेंबर, सोमवार

टक्केवारीचा प्रश्न निकालात काढला. हंगामी अंदाज तीन खणांत येतो: सरासरीपेक्षा कमी, सरासरीइतका, सरासरीपेक्षा जास्त. काहीच माहीत नसेल तर प्रत्येक खणाला ३३ टक्के. नकाशावर एखादा भाग ‘जास्त’च्या रंगात आणि शक्यता ४५ टक्के असेल, तर याचा अर्थ तिथे जास्त पाऊस होणार असा नव्हे. १०० पैकी ५५ वेळा तो होणार नाही, हेही त्याच नकाशात लिहिलेले असते. रंग गडद असला की लोक तो निकाल समजतात.

दुसरे, देशासाठी ऑक्टोबरचा ‘सरासरीइतका’ पट्टा ८५ ते ११५ टक्के असतो. हा पट्टा देशाच्या बेरजेसाठी ठीक. तालुक्याला तो लावणे निरर्थक आहे. नोव्हेंबरमध्ये निफाडला बहुतेक वर्षी पाऊस शून्य किंवा नगण्य, आणि अधूनमधून एखाद्या वर्षी एका रात्रीत सगळा. अशा मालिकेची सरासरी कोणत्याही प्रत्यक्ष वर्षासारखी दिसत नाही. जवळपास सगळी वर्षे ‘सरासरीपेक्षा कमी’ आणि उरलेली ‘कित्येकशे टक्के जास्त’ निघतात.

म्हणून पत्रकात टक्के नाहीत, घटना मोजायच्या. बागेसाठी तीन घटना ठरल्या:

एक, २४ तासांत १० मिमी किंवा जास्त पाऊस. या पावसाने पानावरचे औषध धुऊन जाते आणि वाफसा, म्हणजे जमिनीतला बेताचा ओलावा, जातो.

दोन, सलग दोन दिवस प्रत्येकी २.५ मिमी किंवा जास्त. पाऊस किरकोळ, पण पाने सुकायला उसंत नाही. डाऊनीसाठी हे पहिल्यापेक्षा वाईट.

तीन, पावसाविना सलग तीन ढगाळ दिवस. पर्जन्यमापकात शून्य दिसते आणि बागेत भुरी, हा दुसरा बुरशीरोग, वाढते. ही घटना पावसाच्या कोणत्याच अंदाजात येत नाही, आणि बागायतदाराचा सर्वाधिक खर्च इथेच होतो.

१३ सप्टेंबर, बुधवार

छाटणीची पट्टी तयार केली. फळछाटणीनंतर ८ ते १२ दिवसांत डोळे फुटतात, पुढच्या आठवड्यात पोंगा उघडून घड दिसतो, ३५ ते ४० दिवसांनी फुलोरा, मग मणी धरणे. छाटणीची तारीख घातली की जोखमीचे आठवडे खाली रंगतात. बागलाणातल्या आगाप बागा जुलै-ऑगस्टमध्येच छाटलेल्या. त्यांचा परतीच्या पावसाशी सामना फुलोऱ्यानंतर, फुगवणीत. निफाड-दिंडोरीतली मुख्य छाटणी सप्टेंबरअखेर ते २० ऑक्टोबर. १ ऑक्टोबरला छाटली तर फुलोरा ५ ते १० नोव्हेंबर, २० ऑक्टोबरला छाटली तर २४ ते २९ नोव्हेंबर.

डाऊनीची साखळी पट्टीखाली दोन वाक्यांत दिली: रात्री आर्द्रता ९५ टक्क्यांच्या वर चार तास टिकली की पानाच्या खालच्या बाजूला पांढरी बुरशी उमलते, सकाळी पान आणखी दोन-तीन तास ओले राहिले की नवीन पानाला लागण होते. यात पाऊस कुठेही सक्तीचा नाही. दाट दव आणि धुई पुरते. त्यामुळे ‘पाऊस नाही, फवारणी टाळा’ असा सल्ला पत्रकातून जाता कामा नये.

१८ सप्टेंबर, सोमवार

किनाऱ्याचे पत्रक. उंबरठे ठरवताना वाऱ्यापेक्षा लाटेवर जास्त वेळ गेला. इन्कॉइस ही समुद्राची माहिती पुरवणारी सरकारी संस्था देते ती लक्षणीय लाटेची उंची, म्हणजे सर्वांत उंच एक तृतीयांश लाटांची सरासरी. २ मीटर लिहिले असेल तर त्याच समुद्रात अधूनमधून साडेतीन मीटरच्या पुढची लाट येणार हे गृहीत धरायचे. पत्रकात ही ओळ ठळक हवी, कारण ‘दोनचीच लाट होती’ असे म्हणून निघालेली नौका त्या एका लाटेने उलटते.

उंचीइतकाच लाटेचा कालावधी महत्त्वाचा. स्थानिक वाऱ्याची लाट ५-६ सेकंदांची, आखूड आणि उभी. दक्षिणेकडच्या महासागरातून आलेली फुग, म्हणजे दूरवरून येणारी लांब लाट, १५ सेकंदांच्या पुढची. खोल पाण्यात तांडेलाला ती जाणवतही नाही. पण खाडीच्या तोंडाशी साचलेल्या वाळूवर पाणी उथळ होते आणि लाट फुटते. ढोबळ नियम असा की पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या सव्वापटीपर्यंत उतरली की लाट मोडते. दीड मीटरची फुग दोन मीटर पाण्यात फुटणारच. म्हणून खाडीत शिरायची वेळ भरतीच्या शेवटच्या दोन तासांत ठेवा, ओहोटीच्या जोरात नको. ओहोटीचा प्रवाह बाहेर धावतो, लाट आत येते, आणि दोन्हींच्या टकरीत लाट आणखी उभी होते.

वाऱ्याचे एकक ताशी किलोमीटर ठेवले. मॉडेल सेकंदाला मीटर देते (३.६ ने गुणा), जहाजांच्या संदेशात नॉट (१.८५ ने गुणा). हवामान विभागाचा वारा ३ मिनिटांच्या सरासरीचा असतो. झोत त्याहून बराच जास्त. ‘४५ ते ५५, झोत ६५’ हा मच्छीमारांच्या इशाऱ्यातला नेहमीचा साचा आहे आणि तो तसाच उचलायचा, आपल्या शब्दांत सौम्य करायचा नाही.

१९ सप्टेंबर, मंगळवार

गणेश चतुर्थी, तरी नोंद आवश्यक. ऑस्ट्रेलियाच्या हवामान संस्थेने आज एल निनो (प्रशांत महासागराचे पाणी नेहमीपेक्षा तापणे) आणि सकारात्मक आयओडी दोन्ही एकाच वेळी जाहीर केले. आयओडी म्हणजे हिंद महासागराच्या पश्चिम भागाचे तापमान वजा सुमात्राजवळच्या पूर्व भागाचे. त्यांचा उंबरठा अधिक ०.४ अंश. पश्चिम बाजू गरम, म्हणजे अरबी समुद्राकडे बाष्प जास्त.

दिवसभर एकच मागणी ऐकू आली: एल निनो आहे, तर पत्रकात ‘कोरडे’ लिहा. लिहिणार नाही. एल निनोच्या तीन वर्षांचे नोव्हेंबर शेजारी ठेवून पाहिले. १९८२ला चक्रीवादळ सौराष्ट्रात वेरावळजवळ आले. २००९ला फयान ११ नोव्हेंबरला अलिबाग आणि मुंबईच्या दरम्यान किनारा ओलांडून गेले आणि कोकणातल्या नौका समुद्रात सापडल्या. २०१५ला चपाला आणि मेघ ही दोन वादळे पाठोपाठ येमेनला गेली. तिन्ही वर्षे एल निनोची, तीन वेगळ्या दिशा. आणि ज्या २०१९मध्ये कोकण-नाशिक दोन्ही नोव्हेंबरपर्यंत भिजले, क्यार आणि महा लागोपाठ आली, त्या वर्षी जोर आयओडीचा होता, एल निनोचा नव्हता. दक्षिण भारतात ईशान्य मान्सूनवर एल निनोचा परिणाम दिसतो आणि तो पाऊस वाढवणारा असतो. महाराष्ट्रात ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये संकेत इतका क्षीण आहे की त्यावर छाटणीची तारीख ठरवणे धोक्याचे.

उपग्रहाच्या काळातली, म्हणजे १९८२नंतरची, एल निनो आणि सकारात्मक आयओडी एकत्र असलेली वर्षे हाताच्या बोटांवर मोजता येतात. चार-पाच वर्षांच्या सरासरीला अंदाज म्हणणे म्हणजे नाणे पाच वेळा उडवून ते खोटे ठरवणे.

२२ सप्टेंबर, शुक्रवार

पहिले पत्रक गेले. समुद्राच्या बाजूला एक टीप जोडली: पावसाळ्यात किनाऱ्यालगत खालचे थंड, प्राणवायू कमी असलेले पाणी वर सरकते, त्यावर नद्यांच्या गोड्या पाण्याचा पातळ थर झाकणासारखा बसतो, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तळाजवळचा प्राणवायू वर्षातला सर्वांत कमी होतो. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने कांदोळीसमोरच्या समुद्रात हे वर्षानुवर्षे मोजले आहे. तळाची मासळी या काळात जागा बदलते. ट्रॉल रिकामा आला म्हणून हवामानाला दोष देऊ नये. नोव्हेंबरात किनाऱ्याचा प्रवाह उत्तरेकडे वळला की पाणी पालटते.

हाच पातळ थर वादळासाठीही महत्त्वाचा. पृष्ठभागाचे तापमान २८ अंश दिसते, पण २६ अंशांचे पाणी किती खोलवर आहे हे पाहिल्याशिवाय इंधन कळत नाही. किनाऱ्याजवळ ते उथळ, मध्य अरबी समुद्रात खोल.

२५ सप्टेंबर, सोमवार

मान्सूनची माघार आज पश्चिम राजस्थानातून सुरू झाल्याचे जाहीर झाले. सर्वसाधारण तारीख १७ सप्टेंबर, म्हणजे आठ दिवस उशीर. माघारीच्या कसोट्या तीन: पाच दिवस पाऊस नाही, खालच्या थरात प्रतिचक्रवात (उच्च दाबाभोवती फिरणारे वारे), आणि बाष्पात स्पष्ट घट. एकट्या कोरड्या आठवड्याने माघार ठरत नाही. ‘चार दिवस ऊन पडले, पाऊस गेला’ हा निष्कर्ष दरवर्षी काहीजणांची छाटणी चुकवतो. मुंबईची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर, पुण्याची ९.

दोन दिवसांपूर्वी नागपुरात रात्रीत शंभर मिमीच्या वर पाऊस होऊन शहर बुडाले. खोऱ्यांच्या पत्रकाशी थेट संबंध नाही, पण सप्टेंबरअखेरच्या वातावरणात किती पाणी आहे याची कल्पना येते.

२९ सप्टेंबर, शुक्रवार

गोव्यासमोर कमी दाबाचे क्षेत्र, तीव्र होण्याची चिन्हे. आजची पौर्णिमा, चंद्रही जवळ. उद्या-परवा मोठे उधाण. पत्रकाची वेळ सकाळची असली तरी दुपारी पुरवणी काढली. हिशेब असा मांडला: ४० सागरी मैलांवर असलेली नौका ७-८ नॉटने परतली तर पाच-सहा तास, जाळी ओढायला दोन तास, बंदरात गर्दी असेल तर आणखी एक. म्हणजे निरोप पोहोचल्यापासून नऊ तास. मोबाईलची रेंज किनाऱ्यापासून दहा-पंधरा किलोमीटरनंतर भरवशाची नाही, त्यापुढे व्हीएचएफ रेडिओ. दुपारी काढलेला निरोप सर्वांत लांबच्या नौकेला संध्याकाळी कळला, तर ती पहाटे बंदरात. इशारा १२ तास आधीचा असेल तरच उपयोगी. सहा तास आधीचा इशारा जवळच्या होड्यांपुरता.

१ ऑक्टोबर, रविवार

क्षेत्राचा काल डिप्रेशन झाला आणि रात्री त्याने पणजी आणि रत्नागिरी यांच्या दरम्यान किनारा ओलांडला. डिप्रेशन म्हणजे ताशी ३१ ते ४९ किलोमीटर वारा. ६२पासून पुढे चक्रीवादळ. नाव नसते म्हणून लोक हलके घेतात. डिप्रेशनमुळे समुद्र वर चढण्याचे प्रमाण कमीच, पण उधाणाच्या भरतीवर तो चढ आला की धक्क्याला बांधलेल्या नौका एकमेकींवर आपटतात. पुरवणीत ‘नांगर दुहेरी, दोर लांब, दोन नौकांमध्ये टायर’ एवढेच लिहिले होते. ते पुरेसे ठरते. जास्त लिहिले की कोणी वाचत नाही.

खोऱ्यात याचा परिणाम ढगाळ हवा. तिसरी घटना, पावसाविना तीन ढगाळ दिवस, हीच पहिल्यांदा कामी आली.

६ ऑक्टोबर, शुक्रवार

कोरडी हवा उतरली. आता दिवस-रात्रीच्या तापमानातला फरक वाढणार. ऑक्टोबर हीटचे कारण किनाऱ्यावर आणि खोऱ्यात वेगवेगळे आहे. किनाऱ्यावर सकाळी पूर्वेचे मतलई वारे. दुपारी खारे वारे कधी शिरतात त्यावर दिवसाचे कमाल तापमान ठरते. अकराला शिरले तर ३२-३३, दोनपर्यंत लांबले तर ३५च्या वर. नौकांसाठी याचा अर्थ बर्फ: मासळीच्या वजनाइतका बर्फ हा साधा नियम, आणि या महिन्यात तो कापायचा नाही.

खोऱ्यात ढग नाहीत, जमीन अजून ओली, रात्री स्वच्छ. थंड हवा जड, ती उतारावरून नदीकाठी जमते. कादवेच्या पात्रालगतच्या बागेत पहाटे दव जास्त आणि उशिरापर्यंत. दोनशे मीटर वर माळावरची बाग सूर्य वर येताच कोरडी. एकाच गावात डाऊनीचा दाब यामुळे वेगळा असतो. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचे किमान तापमान बातम्यांत येते. ते सखल जागेचे आहे हे लक्षात घेऊनच आपल्या बागेला लावावे. पत्रकात आता ‘नदीकाठ’ आणि ‘माळ’ असे दोन रकाने.

१३ ऑक्टोबर, शुक्रवार

पत्रक नेहमीप्रमाणे. जायकवाडीचा साठा १५ ऑक्टोबरला ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडण्याचे समन्यायी वाटपाचे सूत्र लागू होते, आणि यंदा तो खाली राहणार हे स्पष्ट आहे. पावसाचा अंदाज देणाऱ्या पत्रकात धरणाचा आकडा हवा का, यावर मतभेद. हवा. बागेला नोव्हेंबरनंतर कॅनॉलचे आवर्तन मिळेल की नाही हे ऑक्टोबरच्या पावसाइतकेच महत्त्वाचे.

२० ऑक्टोबर, शुक्रवार

काल देशातून मान्सून पूर्णपणे परतला. त्याच वेळी नैर्ऋत्य अरबी समुद्रात डिप्रेशन. वादळ झाले तर नाव तेज. कालपासून समाजमाध्यमांवर ते मुंबईला येणार असे संदेश. मॉडेलांतही फरक आहे: बहुतेक येमेन-ओमानकडे नेतात, एखादे उत्तरेला वळवते.

वळण कशावर ठरते ते पत्रकात समजावून दिले. वरच्या थरात वादळाच्या उत्तरेला उच्च दाबाचा कणा भक्कम असेल तर पूर्वेचे वारे त्याला पश्चिमेला ढकलत नेतात. उत्तर भारतातून पश्चिमी विक्षोभाची द्रोणी (कमी दाबाचा लांबट पट्टा) खोल उतरली आणि कणा फोडला, तर वादळ मागे वळून गुजरात-कोकणाकडे येते. २०१९चे महा असेच वळले, मात्र थंड पाण्यात आणि वाऱ्याच्या कातरीत, म्हणजे उंचीबरोबर बदलणाऱ्या वाऱ्यात, विरले. यंदा कणा भक्कम. म्हणून कोकणासाठी वारा नाही, फुग आहे: दोन-तीन दिवसांनी लांब कालावधीची लाट, खाडीच्या तोंडाशी सावधगिरी. ‘वादळ येणार नाही’ असे लिहून थांबलो असतो तर हीच गोष्ट राहून गेली असती.

२४ ऑक्टोबर, मंगळवार

दसरा. तेज रात्री येमेनच्या किनाऱ्यावर गेले. त्याच दिवसांत बंगालच्या उपसागरात हामून.

३ नोव्हेंबर, शुक्रवार

राज्याने ३१ ऑक्टोबरला ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. नाशिकचे मालेगाव, सिन्नर, येवला त्यात. ऑक्टोबर कोरडा गेला. एल निनोवाले म्हणतात, आम्ही सांगत होतो. त्यांना उत्तर देण्यात अर्थ नाही, एका महिन्यावरून दोघांचेही काही सिद्ध होत नाही.

मुंबईत धुरके. कारण खोऱ्यातल्या धुईसारखेच: स्थिर हवा, रात्रीचा उलटा थर (खाली थंड, वर ऊबदार हवा) आणि मंद वारे. फक्त थराखाली दवाऐवजी धूळ.

१७ नोव्हेंबर, शुक्रवार

उशिरा छाटलेल्या बागा आता फुलोऱ्याच्या उंबरठ्यावर. पत्रकात पावसाची शक्यता ‘कमी’ अशी छापली.

२३ नोव्हेंबर, गुरुवार

चित्र बदलले. पश्चिमी विक्षोभाची द्रोणी नेहमीपेक्षा दक्षिणेला उतरते आहे, खालून अरबी समुद्रावरचे बाष्प येते आहे. वर थंड, खाली दमट आणि ऊबदार, मध्ये वाऱ्याची दिशा उंचीबरोबर वळणारी. गारांची हीच कृती. २५ ते २७ दरम्यान गडगडाटी पावसाचा इशारा. पुरवणी आजच:

स्पर्शजन्य बुरशीनाशकाची फवारणी २४-२५ला पुरी करा; फवारणीनंतर किमान सहा तास कोरडे हवेत. आंतरप्रवाही औषध पावसानंतरसाठी राखा. पाणी बंद ठेवा, विशेषतः मणी पाणी भरत असलेल्या आगाप बागांत. मुळाकडून आणि सालीवरून एकदम पाणी मिळाले की मणी तडकतो. उन्हाळ कांद्याच्या रोपवाटिकेत चर मोकळे करा. नौकांसाठी: विजा आणि अचानक झोत, रविवारी संध्याकाळी किनाऱ्यालगतच राहा.

गार कुठे पडेल हे तीन दिवस आधी सांगता येत नाही, तालुकाही नाही. हे वाक्य पुरवणीत वर ठेवले, तळटीप केले नाही.

२७ नोव्हेंबर, सोमवार

काल नाशिक जिल्ह्यात अवकाळी पाऊस आणि गारपीट. निफाड पट्ट्यातल्या द्राक्षांना मोठा फटका. आज काढलेला सल्ला अवस्थेनुसार:

फुलोऱ्यातल्या बागा: पाऊस थांबताच वेलींची तार हलवून घडातले पाणी झटका. फुलांच्या टोप्या ओल्या अडकल्या तर कूज आणि गळ तिथूनच सुरू होते. ज्वारीच्या आकाराचे मणी: गारेचा डाग असलेले मणी विरळणीतच काढा, घड ठेवा. पाणी उतरलेले मणी: तडकलेला घड त्याच दिवशी काढा, एका मण्याचा रस शेजारच्या दहांना सडवतो. फाटलेल्या पानांची लगेच छाटणी नको, उरलेल्या पानांवर घड पोसायचा आहे.

१ डिसेंबर, शुक्रवार

पडताळणी. प्रत्येक छापील विधानाला शक्यतेचा आकडा लावून, घडले तर १ आणि नाही तर ०, फरकाचा वर्ग काढायचा ठरले होते. १७ नोव्हेंबरच्या पत्रकात अडलो. ‘कमी’ला कोणता आकडा लावायचा? लिहिणाऱ्याच्या मनात दहापैकी एक होता, वाचणाऱ्याने शून्य वाचला आणि काहींनी फवारणी पुढे ढकलली. अंदाज त्या दिवसाच्या माहितीनुसार वावगा नव्हता, शब्द वावगा होता.

साच्यातले बदल: ‘कमी’, ‘मध्यम’, ‘जास्त’ बाद, त्याजागी ‘अशा दहा वर्षांपैकी एक’, ‘दहांपैकी तीन’. सात दिवसांपुढच्या अंदाजाखाली ‘गुरुवारी पुन्हा पाहा’ ही ओळ. पुरवणीसाठी शुक्रवारची वाट पाहायची नाही. किनाऱ्याच्या पत्रकात लाटेच्या उंचीशेजारी कालावधीचा रकाना कायम. नदीकाठ आणि माळ यांच्यासाठी दोन तापमापक, जमिनीपासून सव्वा मीटरवर, पांढऱ्या झडपांच्या पेटीत, दार उत्तरेला; बसवण्याआधी दोन्ही बर्फ-पाण्याच्या मिश्रणात शून्याला ताडून घ्यायचे.

थंडीचे पत्रक, पहिली आवृत्ती ८ डिसेंबर. मणी फुगवणीसाठी किमान तापमानाचा रकाना, मालवण ते हर्णै पट्ट्यासाठी उत्तरेच्या वाऱ्याचा.